बीजिंगचा हिवाळा, अंगावरच्या ठिणग्या आणि ‘रक्त कमी आहे’ हे निदान: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या ताईंचं वय ४६. माहेर कोकणातलं, सासर पुण्याचं. यजमानांची बदली बीजिंगला झाली आणि ऑगस्टमध्ये ते दोघं व अकरावीतली मुलगी असं कुटुंब तिथे राहायला गेलं. भारतीय कुटुंबांबरोबर दवाखान्यात दुभाषी म्हणून जाणं हे माझं तिथलं काम होतं, त्यामुळे या प्रकरणातल्या भेटींना मी हजर होते. ताईंच्या परवानगीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत.

ताईंना रक्तदाब होता. त्यासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी रोज चालू होती. त्यातलं दुसरं औषध लघवी वाढवणारं आहे, हे पुढे कामी आलं. शिवाय वर्षभर पाळीत अंगावरून फार जात होतं. ‘या वयात असं होतंच’ म्हणून त्यांनी ते कोणापाशी काढलं नव्हतं.

बीजिंगमध्ये इमारती गरम ठेवणारी सामायिक व्यवस्था दर वर्षी साधारण १५ नोव्हेंबरला सुरू होते आणि १५ मार्चच्या सुमारास बंद होते. रेडिएटर तापले की घरात चोवीस तास ऊब असते, पण हवा भयंकर कोरडी होते. बाहेर उणे ५ अंश आणि ४० टक्के आर्द्रता असलेली हवा घरात येऊन २३ अंशांपर्यंत तापली, तर तिची सापेक्ष आर्द्रता दहा टक्क्यांच्याही खाली जाते. स्वयंपाक, आंघोळ आणि माणसांचे श्वास यांमुळे ती थोडीफार वर येते, एवढंच. समुद्राच्या दमट वाऱ्यात वाढलेल्या माणसाला ही हवा कशी असते याची कल्पनाच नसते.

तक्रार

नोव्हेंबर संपता संपता ताईंना झटके बसू लागले. दाराची मूठ, लिफ्टचं बटण, नळ, गाडीचं दार, जिथे धातू तिथे बोटाच्या टोकाला चट्ट. रात्री दिवा मालवून लोकरीसारखा गाऊन काढताना अंगावर निळसर ठिणग्या दिसायच्या, केस चेहऱ्याला चिकटायचे. एकदा मुलीच्या गालाला हात लावला तेव्हा दोघी दचकल्या. त्यानंतर ताई मुलीला जवळ घ्यायलाही बिचकू लागल्या.

“अगं, माझ्या अंगात करंट भरलाय. यांना होत नाही, हिला होत नाही, मलाच कसा होतो?” हा त्यांचा प्रश्न. त्यामागे भीती होती. झटका बसला की छातीत धडधडायचं, आणि आधीच रक्तदाब असल्याने ती धडधड त्यांना फार घाबरवायची.

याच्या जोडीला रात्री नडग्यांना खाज, तिथे पांढरट कोंडा, ओठांना भेगा, घसा कोरडा, पहाटे तीनला जाग. या साऱ्या तक्रारी एकाच सुमाराला सुरू झाल्या होत्या, पण ताईंच्या लेखी झटके हा मुख्य आजार आणि बाकीचं किरकोळ होतं.

सल्ले तीन दिशांनी आले. शेजारच्या चिनी आजींनी सांगितलं की शरीरात कोरडी उष्णता चढली आहे, नाशपाती उकडून खा. सासूबाईंनी पुण्याहून फोनवर निदान केलं: “वात वाढलाय, रोज तेल लाव.” आणि मोबाईलवरच्या एका गटात एक लांबलचक संदेश फिरत होता. वारंवार स्थिर विजेचा, म्हणजे घर्षणाने अंगावर साठणाऱ्या विजेचा, झटका बसणं म्हणजे ‘रक्त आणि ची (चिनी वैद्यकातली जीवनशक्ती) कमी’ असल्याची खूण, चिनी वैद्यकात हे हजारो वर्षांपासून माहीत आहे, असं त्यात ठोकून दिलं होतं. खाली रक्त भरून काढणाऱ्या पुड्यांचा महागडा कोर्स आणि ‘बिनतारी’ झटकारोधक कडं विकायला ठेवलेलं होतं.

चिनी वैद्यकात याबद्दल खरोखर काय आहे

इथे थांबून सांगायला हवं, कारण त्या संदेशाचा सारा जोर या दाव्यावर होता.

स्थिर विजेचे अनुभव जुन्या चिनी ग्रंथांत आहेत. तिसऱ्या शतकातल्या चांग हुआने नोंदवलं आहे की केस विंचरताना आणि कपडे काढताना कधी कधी प्रकाश दिसतो आणि कडकड आवाज येतो. औषधींच्या परंपरेतही ही वीज भेटते. चिनी वैद्यकात तृणमणी, म्हणजे झाडाच्या राळेचा दगड झालेला अंबर, मन शांत करणारं औषध मानला जातो, आणि पाचव्या-सहाव्या शतकांतल्या थाओ होंगचिंगने खऱ्या तृणमण्याची परीक्षा दिली आहे: तळहातावर घासून गरम केल्यावर त्याने काडीकचरा उचलला पाहिजे. म्हणजे घर्षणाने वस्तू ओढली जाते हे औषधं पारखणाऱ्यांना ठाऊक होतं आणि ते त्याचा उपयोगही करत होते. मात्र ‘ज्याला झटके बसतात त्याला अमुक रोग’ असं निदान अभिजात चिनी वैद्यकात नाही. ते अलीकडच्या काळात जोडलेलं आहे.

जुन्या ग्रंथांत सविस्तर आहे तो कोरडेपणा. वारा, थंडी, उन्हाळी ताप, दमटपणा, कोरडेपणा आणि आग ही बाहेरून शरीराला बाधणारी सहा कारणं तिथे मानली जातात. कोरडेपणाला म्हणतात त्साओ. तो आधी फुप्फुसाला बाधतो, आणि त्वचा व अंगावरचे केस फुप्फुसाच्या अखत्यारीत येतात, अशी मांडणी आहे. त्यामुळे कोरडा घसा, फाटलेले ओठ आणि खाजणारी त्वचा ही एकाच गटातली लक्षणं ठरतात. ‘ह्वांगती नेइचिंग’ या पायाभूत ग्रंथातल्या रोगकारणांच्या प्रसिद्ध १९ सूत्रांमध्ये कोरडेपणाचं सूत्र नव्हतं. बाराव्या शतकात ल्यू वानसू या वैद्याने ती उणीव भरली: जे जे सुकतं, आटतं, तडकतं, ते कोरडेपणाचं. हा वैद्य होता आजच्या हपेइ प्रांतातल्या होच्येनचा, म्हणजे बीजिंगच्या दक्षिणेला त्याच कोरड्या उत्तरी मैदानातला. तिथला हिवाळा अंगावर घेतल्यावर हे सूत्र नेमकं त्यालाच का सुचलं असावं, याचं मला नवल वाटत नाही.

‘ची’ म्हणजे वीज, ही समजूतही याच गटातल्या संदेशांतून फिरते. अॅक्युपंक्चरच्या बिंदूंवर त्वचेचा विद्युतरोध वेगळा असतो का, हे विसाव्या शतकाच्या मध्यापासून मोजलं जात आहे आणि ठाम निष्कर्ष निघालेला नाही. तो निघाला तरी लिफ्टच्या बटणाशी त्याचा संबंध लागत नाही. झटका देणारा भार बुटांचा तळवा, जमीन आणि कपडे यांच्या घर्षणातून, स्पर्शातून तयार होतो.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय गटातल्या कड्याचा आणि पुड्यांचा. ताईंचा कल इकडेच होता, कारण एका फटक्यात दोन्ही प्रश्न सुटतील असं वाटत होतं. कड्याबद्दल यजमानांनीच शंका काढली. त्यांच्या कारखान्यात इलेक्ट्रॉनिक सुटे भाग हाताळणारे कामगार मनगटपट्टा घालतात, पण त्याला तार असते आणि ती साधारण एक मेगाओहमच्या रोधातून जमिनीला जोडलेली असते. तारच नसेल तर अंगावरचा भार जाणार कुठे? कडं बाद झालं. पुड्यांत काय आहे ते वेष्टनावर स्पष्ट नव्हतं, आणि रक्तदाबाची गोळी चालू असताना अज्ञात वनस्पती घ्यायच्या नाहीत यावर आम्हा सर्वांचं एकमत झालं.

दुसरा पर्याय थेट त्वचारोगतज्ज्ञाचा. तो चुकीचा नव्हता, पण ताईंना त्यांच्या मुख्य प्रश्नाचं, ‘मलाच का’ याचं, उत्तर तिथे मिळेल असं वाटेना.

तिसरा, चिनी वैद्यकाच्या सरकारी रुग्णालयात जाण्याचा. चीनमध्ये अशा रुग्णालयांत रक्ताच्या तपासण्या आणि आधुनिक औषधंही मिळतात, आणि तिथले डॉक्टर दोन्ही पद्धती शिकलेले असतात. गटातला दावा चिनी वैद्यकाच्या नावावर केलेला होता, तेव्हा तो तिथल्याच जाणकाराकडे नेऊन तपासणं मला सगळ्यांत सरळ वाटलं. ताईंनाही पटलं.

चौथा पर्याय घर बदलण्याचा, म्हणजे हवा, कपडे आणि चपला बदलण्याचा. तो सगळ्यांत स्वस्त होता आणि चर्चेत सगळ्यांत शेवटी आला.

काय केलं

रुग्णालयातल्या डॉक्टरबाई शांत होत्या. त्यांनी दोन्ही मनगटांवर तीन-तीन जागी नाडी पाहिली, जीभ पाहिली. ती लालसर, वरचा पांढरा थर कमी असलेली, मधोमध बारीक भेगा पडलेली होती. मग तहान, शौच, घाम, झोप, पाळी असं सगळं विचारलं. झटक्यांबद्दल मी त्यांना मुद्दाम विचारलं: हे रक्त कमी असल्याचं लक्षण आहे का? त्या म्हणाल्या, “वीज मला नाडीत कळत नाही. कोरडेपणा कळतो. यांची खोली कोरडी आहे आणि याही कोरड्या झाल्या आहेत. आधी खोलीला औषध द्या.”

हा या प्रकरणातला पहिला महत्त्वाचा निर्णय. ज्या पद्धतीचं नाव घेऊन गटात पुड्या विकल्या जात होत्या, तिच्याच डॉक्टरांनी झटक्यांना रोग मानायला नकार दिला आणि बाकीच्या लक्षणांवर लक्ष वळवलं.

दुसरा निर्णय तपासणीचा. पाळीचं खरं उत्तर मिळायला दोनदा विचारावं लागलं. दुसऱ्यांदा मी यजमानांना बाहेर बसायला सांगितलं, तेव्हा ताई मोकळेपणी बोलल्या. त्यावर डॉक्टरबाईंनी हिमोग्लोबिन, लोहसाठा, थायरॉइड, साखर आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या लिहिल्या. नुसती कोरडी, खाजरी त्वचा यांपैकी कशातल्याही बिघाडाने होऊ शकते. हिमोग्लोबिनचा आकडा आला १०६, आणि तो पाहून ताई हबकल्या. चीनमध्ये हे माप लिटरला ग्रॅममध्ये देतात. आपल्या सवयीच्या मापात ते १०.६. प्रौढ स्त्रीसाठी १२ च्या खाली पंडुरोग धरतात. लोहसाठाही कमी होता. बाकी सगळं ठीक.

आता पेच पडला. गटातला संदेश म्हणत होता रक्त कमी आहे, आणि अहवालही तेच म्हणत होता! ताईंचा त्या पुड्यांवरचा विश्वास एकदम दुणावला. डॉक्टरबाईंनी इथे वेळ दिला याचं मला कौतुक वाटतं. चिनी वैद्यकातली ‘रक्ताची कमतरता’ नाडी, जीभ, रंग, झोप अशा लक्षणांवरून ठरवतात, पंडुरोग रक्ताच्या चाचणीवरून. एक असलं की दुसरं असतंच असं नाही. आणि दोन्हींपैकी कशामुळेही दाराच्या मुठीचा झटका बसत नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि अंगावरून जाण्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं.

तिसरा निर्णय औषधाचा. डॉक्टरबाईंनी कोरडेपणासाठी एक सौम्य काढा लिहिला: शाशन, मायतोंग, यूचू ही ओलावा देणारी मानली जाणारी मुळं, तुतीची पानं आणि ज्येष्ठमध. मी ताईंच्या गोळ्यांची पट्टी पुढे केली. ज्येष्ठमध जास्त दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि रक्तातलं पोटॅशियम घटतं. हायड्रोक्लोरोथायझाइडनेही पोटॅशियम घटतं. पट्टी वाचताच त्यांनी ज्येष्ठमधावर काट मारली आणि पोटॅशियमची चाचणी वाढवली. आपल्याकडे घशाला बरं म्हणून ज्येष्ठमधाची काडी कोणीही तोंडात धरतं. रक्तदाबाच्या रुग्णाला रोज काढ्यातून देणं ही निराळी गोष्ट आहे.

‘मलाच का’ याचं उत्तर मुलीने शोधलं. तिने आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र आणलं; बैठकीत १८ टक्के. मग एका संध्याकाळी तिने वडिलांना आईचा पॉलिएस्टरचा मऊ गाऊन आणि जाड रबरी तळव्याच्या सपाता घालायला लावल्या आणि गालिच्यावरून दारापर्यंत चालवलं. मुठीला हात लावताच यजमान ओरडले! ताईंनी सुती सलवार-कमीज घालून अनवाणी तोच फेरा मारला. काही झालं नाही.

यामागचं कारण साधं आहे. चालताना पाऊल आणि गालिचा एकमेकांना टेकतात आणि सुटतात, त्यात भार एकाकडून दुसऱ्याकडे जातो. हवा दमट असेल तर वस्तूंच्या पृष्ठभागावरच्या पाण्याच्या पातळ थरातून तो गुपचूप वाहून जातो. कोरड्या हवेत रबरी तळव्यावर उभं असलेलं शरीर एखाद्या बरणीसारखं तो साठवत राहतं. इलेक्ट्रॉनिक उद्योगातल्या प्रशिक्षणात नेहमी दिले जाणारे आकडे बोलके आहेत: गालिच्यावरून चालताना आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर असेल तर साधारण १,५०० व्होल्ट, १० ते २० टक्के असेल तर ३५,००० पर्यंत. सुमारे ३,००० व्होल्टच्या पुढे माणसाला झटका जाणवतो. व्होल्ट ऐकून छाती दडपते, पण साठलेला भार इतका थोडा आणि वाहण्याचा काळ इतका क्षणिक असतो की निरोगी हृदयाला त्याने इजा होत नाही. ताईंची धडधड दचकण्याची होती, आणि पंडुरोगातही धडधड होते. हे कळल्यावर त्यांची अर्धी भीती ओसरली. खरा धोका ज्वालाग्राही वाफा असतील तिथे असतो. पेट्रोल भरताना मध्येच गाडीत बसून पुन्हा उतरू नये आणि नळीला हात लावण्याआधी गाडीच्या पत्र्याला हात लावावा, हे यजमानांना बजावलं.

मग घराचं औषध सुरू झालं. झोपण्याच्या आणि बसण्याच्या खोलीत आर्द्रता वाढवणारी यंत्रं आली. बीजिंगचं पाणी जड असल्याने पहिल्याच आठवड्यात सामानावर पांढरी पूड बसली, म्हणून यंत्रात शुद्ध केलेलं पाणी घालायला सुरुवात केली. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत ठेवायची असं ठरलं. त्याहून वर गेली की थंड काचांवर पाणी साचतं आणि बुरशी धरते. धुतलेले कपडे घरातच वाळत घातले. गाऊन गेला, सुती कपडे आले. रबरी सपाता जाऊन कापडी तळव्याच्या आल्या. आंघोळ कोमट पाण्याची आणि थोडक्यात, आणि अंग टिपल्यावर त्वचा ओलसर असतानाच मलम किंवा खोबरेल. सासूबाईंच्या तेलाला इथे मानाची जागा मिळाली. बाहेर दार उघडण्याआधी किल्ली हातात घट्ट धरून तिचं टोक धातूला टेकवायचं, म्हणजे ठिणगी किल्लीच्या टोकाला पडते आणि बोटाला टोचत नाही.

शेजारच्या आजींची नाशपातीही चालू राहिली, कधी पांढऱ्या अळंबीबरोबर उकडून. ती चविष्ट होती, निरुपद्रवी होती, आणि ताईंचं आजींशी मैत्र जुळलं ते त्या वाटीमुळेच.

परिणाम

घरातले झटके यंत्रं सुरू झाल्यापासून चार-पाच दिवसांत जवळजवळ थांबले. यजमानांच्या कार्यालयात आणि दुकानांत ते मार्चपर्यंत अधूनमधून बसत राहिले. खाज दोन आठवड्यांत उतरली, ओठ सुधारले. झोप सुधारायला जास्त वेळ लागला.

हिमोग्लोबिन बारा आठवड्यांनी पुन्हा पाहिलं तेव्हा ते १२.१ होतं. हा क्रम महत्त्वाचा आहे. झटके थांबले तेव्हा लोहाच्या गोळ्या सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, रक्त तेव्हा तितकंच कमी होतं. झटके रक्त कमी असल्यामुळे बसत असते, तर ते इतक्या लवकर थांबले नसते. गटातल्या संदेशाला याहून चोख उत्तर मला माहीत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांना सोनोग्राफीत गर्भाशयात छोटी गाठ आढळली, साधी. तिच्यावर औषधाने उपचार सुरू झाले. त्या संदेशावर विसंबून पुड्या घेतल्या असत्या, तर ही गाठ किती दिवस तशीच राहिली असती कोण जाणे.

काढ्याचा उपयोग किती झाला, हे या प्रकरणावरून सांगता येत नाही. काढा, यंत्र, मलम आणि सुती कपडे एकाच आठवड्यात सुरू झाले. खाज कमी होण्याला मलम आणि आर्द्रता एवढी कारणं पुरेशी आहेत. डॉक्टरबाईंचं खरं योगदान मला त्यांच्या प्रश्नावलीत दिसतं. घसा, ओठ, त्वचा आणि खोलीची हवा हे सगळं एकत्र पाहण्याची सवय त्यांना त्यांच्या परंपरेने लावली होती, आणि ताईंच्या बाबतीत ती सवय बरोबर जागी पोचली.

वेगळं काय करता आलं असतं

आर्द्रता मोजणारं यंत्र १५ नोव्हेंबरच्या आधीच घरात हवं होतं. ते एका जेवणाच्या खर्चात येतं आणि त्याने निम्मी चर्चा वाचली असती.

काढा दोन आठवडे थांबवता आला असता. आधी हवा आणि कपडे, मग त्वचेवर मलम, आणि तरीही घसा किंवा झोप त्रास देत असेल तर काढा, असा क्रम ठेवला असता तर कशाने काय झालं ते कळलं असतं. ताई रात्रभर खाजवत होत्या, म्हणून डॉक्टरबाईंना सगळं एकदम द्यावंसं वाटलं; ते माणुसकीला धरून होतं, आणि त्यापायी माहिती हातची गेली.

चालू गोळ्यांची विचारपूस काढा लिहिण्याआधी व्हायला हवी होती, नंतर नव्हे. पट्टी पिशवीत होती म्हणून निभावलं. भारतातून येणाऱ्या संयुक्त गोळ्यांची नावं तिथल्या डॉक्टरांच्या ओळखीची नसतात, म्हणून औषधांची मूळ नावं चिनी लिपीत लिहिलेला कागद आता मी प्रत्येक कुटुंबाला पहिल्या भेटीआधीच करून देते.

आणि पाळीबद्दल बाईला एकटीला विचारायला हवं, पहिल्याच भेटीत. ताईंचं खरं दुखणं तिथे होतं, आणि ते बाहेर यायला लिफ्टच्या बटणाचं निमित्त लागलं.

पुढच्या हिवाळ्याची तयारी ताईंनी ऑक्टोबरातच केली: यंत्रांच्या जाळ्या धुतल्या, सुती जाडे कपडे पुण्याहून मागवले, आणि हिमोग्लोबिनची तपासणी दर सहा महिन्यांनी करायची असं मुलीने कॅलेंडरवर लिहून ठेवलं.